वास कुठून येतो

घरात वास येतोय हे निरीक्षकांना कळलं ते स्वतःच्या नाकाने नव्हे, बायकोच्या. सकाळी चहा घेताना ते तिच्या कानाशी वाकून समोरच्या बिऱ्हाडाबद्दल काहीतरी खासगी सांगत होते. समोरचं दार उघडं होतं, म्हणून आवाज बारीक ठेवायचा होता, आणि आवाज बारीक ठेवायचा तर तोंड जवळ न्यायला हवं. बायकोने निम्मं ऐकलं, हातातला नॅपकिन नाकाला लावला आणि मान खिडकीकडे फिरवली.

"काय झालं?" निरीक्षकांनी विचारलं.

आता इथे ती खरं बोलली असती तर पुढचं काहीच घडलं नसतं. दोन मोऱ्या शाबूत राहिल्या असत्या आणि वरच्या मजल्यावरचा एक भला माणूस आज वरच्या मजल्यावरच असता. पण इतकी वर्षं संसार केलेल्या बाईला खरं बोलण्याचा मुहूर्त असतो हे कळतं, आणि तो सहसा येत नाही हेही कळतं. ती म्हणाली, "मोरीतून वास येतोय वाटतं."

'वाटतं' हा शब्द तिने मुद्दाम जोडला होता. निरीक्षकांनी तेवढाच ऐकला नाही.

निरीक्षक म्हणजे वजनमापे खात्यातले. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, तरी गल्ली त्यांना त्याच नावाने ओळखत होती आणि त्यांनाही दुसरं नाव नको होतं. उभी नोकरी त्यांनी दुकानदारांचे तराजू तपासण्यात घालवली. ज्याचा काटा केसभर हलला त्याला सोडलं नाही आणि कुणाच्या दुकानात घोटभर चहा घेतला नाही. असा माणूस सरळ असतो, पण त्याच्याशी बोलताना समोरच्याला वाकडंतिकडं व्हावं लागतं. नाकावर माशी बसू द्यायची नाही हा त्यांचा बाणा होता, आणि निवृत्तीनंतर मिरवायला बाणाच तेवढा उरला होता.

त्यात दात गेले. वरचे सगळे गेले, तिथे कवळी आली. खालचे समोरचे गेले, तिथे हाडात स्क्रू पिळून त्यांवर पक्के दात बसवले. बसवणाऱ्या दंतवैद्याने तेव्हा दोन गोष्टी बजावल्या होत्या. रात्री वरचे दात काढून झोपायचं, आणि खाली स्क्रूभोवती रोज बारीक ब्रश फिरवायचा. पहिली गोष्ट निरीक्षकांना अपमानाची वाटली. "मी दिवसाढवळ्या कधी कुणासमोर दात काढले नाहीत, आता म्हातारपणी रात्री काढत बसू?" असं ते घरी येऊन म्हणाले, आणि बायकोला हसू आलं ते तिने पाठमोरी होऊन संपवलं. शिवाय समजा, इमारतीला आग लागली. सगळी बिऱ्हाडं जिन्यात जमली आणि आपण बोळक्या तोंडाने उभे. लोक आग बघतील की आपल्याला? दुसऱ्या गोष्टीचा निकाल त्यांनी तर्काने लावला. कीड लागते ती खऱ्या दाताला. खोट्या दातात तिला खायला आहे काय? सबब सकाळची एक खणखणीत चूळ पुरे. कधीमधी मोरीचं दार आतून लावून ते कवळी नळाखाली धरत आणि लगेच जागेवर बसवत, तेवढीच तिची सुट्टी.

हे सगळं बायकोला माहीत होतं. पण मागे एकदा नातीने "आजोबा, तुमचे दात बाहेर काढून दाखवा ना" असा हट्ट धरला होता, तेव्हा आजोबा दोन दिवस स्वतःच्या खोलीत एकटे जेवले होते. तेव्हापासून त्या घरात तोंड हा विषय कुणी तोंडातून काढत नसे. आपलेच दात आणि आपलेच ओठ, सांगणार कुणाला?

तर मोरी. निरीक्षकांना बऱ्याच दिवसांनी तपासाला काहीतरी मिळालं होतं. त्यांनी पाय वर घेऊन मोरीच्या उंबऱ्यावर बसून पाहिलं, जाळी उचलून पाहिली, नाक खाली नेऊन हुंगलं. त्यांना काही वास आला नाही. याने तपास थांबायला हवा होता. पण ते म्हणाले की ज्याच्या घरात वास असतो त्याचं नाक सरावलेलं असतं, त्यामुळे आपली साक्ष ग्राह्य धरता येत नाही, बाहेरचे साक्षीदार हवेत.

साक्षीदार घेण्याची त्यांची पद्धत खात्यातलीच होती. चारचौघांत विचारायचं नाही, एकाचं ऐकून दुसरा बोलतो. प्रत्येकाला एकटं गाठायचं, बाजूला घ्यायचं, जवळ जाऊन हळू आवाजात विचारायचं, "खरं सांगा, वास येतो का?"

समोरची बाई दारातच एक पाऊल मागे सरकली आणि येतो म्हणाली. दुसऱ्या मजल्यावरचा निवृत्त कंपाउंडर येतो म्हणाला. दूधवाला पिशवी लटकवून निघाला होता, त्याला जिन्यात अडवलं, त्याने मान हलवली आणि दोन-दोन पायऱ्या चढत वर गेला. न्हाव्याला विचारलं तर तो दाढी करता करता श्वास रोखून उभा होता, त्याने नुसता वस्तरा वर करून अनुमोदन दिलं. बँकेतल्या कॅशियरला, वाचनालयातल्या बाईला, पोस्टातल्या माणसाला, सगळ्यांना वास येत होता. निरीक्षक हादरून घरी आले. म्हणाले, "अगं, नुसती आपली मोरी नाही, सबंध गावाचं गटार तुंबलंय. लोक बिचारे सहन करतायत." नाक दाबलं की तोंड उघडतं असं म्हणतात. इथे अख्खी वस्ती नाक दाबून बसली होती आणि तोंड कुणीच उघडत नव्हतं.

सल्ले मात्र उघड मिळाले. समोरच्या बाईने सांगितलं, गरम पाण्यात सोडा घालून ओता. कंपाउंडरने फिनेल सांगितलं, तेही दोन प्रकारचं, आलटूनपालटून. तिसऱ्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या, लिंबाच्या साली टाका, आमच्याकडे जाऊबाईंच्या मोरीत याने इतका फरक पडला की त्यांना मोरी ओळखू येईना. निरीक्षकांनी सगळं केलं. मोरीला आता इतके वास येत होते की मूळ कोणता हे सांगणं अवघड झालं. आणि बायको चहाच्या वेळी अजूनही खिडकीकडे बघत होती.

या सगळ्या उलाढालीत संध्याकाळ तेवढी शांत असे, आणि ती चष्मेवाल्यांमुळे. चष्मेवाले वरच्या मजल्यावर एकटे राहायचे. बायको जाऊन काही वर्षं झाली होती, चष्म्यांचं दुकान विकलं होतं, मुलगी दुसऱ्या गावी होती. रोज दिवेलागणीला ते खाली येत, आणि दोघं मिळून पेपरातलं शब्दकोडं सोडवत. पेपर एकच आणि अक्षर बारीक, त्यामुळे दोन डोकी एकाच पानावर वाकलेली असत. निरीक्षकांना शब्द येत, चष्मेवाल्यांना युक्त्या. दिवसभरात निरीक्षकांना कुणी काही विचारत नसे. त्या तासाभरात चष्मेवाले विचारत, "साहेब, उभा शब्द, चार अक्षरी, तुम्हाला येणारच," आणि तो शब्द निरीक्षकांना येई. नोकरी गेल्यापासून आपण अजून कुणाच्या तरी उपयोगाचे आहोत असं त्यांना वाटायचं ते तेवढ्याच वेळात. हे त्यांनी चष्मेवाल्यांना कधी बोलून दाखवलं नाही. असं बोलून दाखवायची त्यांना सवय नव्हती.

सोडा आणि साली हरल्यावर प्लंबर आला. त्याने मोरीची फरशी वाजवून पाहिली, सगळ्या प्लंबरांसारखी आधीच्या प्लंबरला चार नावं ठेवली आणि छिन्नी लावली. घर तळमजल्यावर, त्यामुळे दुपारपर्यंत मोरीत कमरेएवढा खड्डा झाला. प्लंबर आत उतरला. निरीक्षक खड्ड्याच्या काठावर, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून, वाकून, देखरेख करत होते.

"येतोय का वास?"

प्लंबरने वर पाहिलं. "येतोय, साहेब."

"जोरात?"

"जोरात येतोय."

"कुठून?"

प्लंबरने छिन्नी खाली ठेवली. मग खाली मान घालून म्हणाला, "वरून येतोय."

त्या माणसाने खोटं सांगितलं असं कुणाला म्हणता येणार नाही. पण निरीक्षकांनी वर छताकडे पाहिलं. छताच्या वर चष्मेवाल्यांची मोरी होती.

दोन्ही मोऱ्यांचा पाइप सामाईक असल्याने तो उघडायला नगरपालिकेची परवानगी लागत होती. मलनिस्सारण विभागात एक खिडकी होती, खिडकीला जाड काच होती आणि काचेमागे एक कारकून होता. कारकुनाने सांगितलं की नुसत्या तक्रारीवर पाइप उघडता येत नाही. आधी आमचा माणूस जागेवर येऊन वास असल्याची खात्री करील, तो माणूस सध्या रजेवर आहे, आणि त्याच्या जागी जो आहे त्याला सर्दी आहे. निरीक्षकांनी दातांच्या कण्या केल्या. कारकुनाला काचेतून ऐकू येईना. काचेला बोलण्यापुरतं एक गोल भोक होतं, तिकडे बोट दाखवून तो म्हणाला, "इथे बोला, आजोबा, इथे जवळ येऊन." निरीक्षकांनी भोकाला तोंड लावलं आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं. कारकुनाने खुर्ची मागे सारली, शिक्का मारला आणि म्हणाला की पाहणीची काही गरज नाही, केस खरी दिसते. सरकारी काम इतक्या झटपट झालेलं निरीक्षकांनी आपल्या सबंध नोकरीत पाहिलं नव्हतं. आपल्या बोलण्याला अजून वजन आहे असं त्यांना वाटलं, आणि घरी परतताना ते जरा ताठ चालले.

तरी मित्राच्या घरात परवानगीचा कागद घेऊन घुसायचं हे त्यांना बरं वाटेना. चष्मेवाल्यांनी आपण होऊन कबूल केलं तर किती बरं, असं त्यांच्या मनात होतं. ते विचारायचं कसं याचाच विचार करत ते त्या संध्याकाळी कोड्यावर बसले.

"आडवा," चष्मेवाले पेन्सिल फिरवत म्हणाले. "मुक्काम, राहणं. दोन अक्षरी."

निरीक्षकांचं लक्ष नव्हतं. चष्मेवाल्यांनी थोडा वेळ वाट पाहिली आणि स्वतःच म्हणाले, "वास."

"म्हणजे तुम्हालाही येतो," निरीक्षक म्हणाले.

चष्मेवाल्यांची पेन्सिल थांबली. त्यांनी वर पाहिलं. निरीक्षक पुढे वाकून, अगदी तोंडाशी तोंड आणून, त्यांच्याकडे बघत होते.

"संकोच करू नका. किती दिवसांपासून येतो?"

"तसा... बरेच दिवस झाले, साहेब."

"आणि कुठून येतो, तेही तुम्हाला माहीत आहे."

चष्मेवाल्यांचं सगळं आयुष्य लोकांना नको ते गोड शब्दांत सांगण्यात गेलं होतं. तुमचा नंबर वाढलाय, तुम्हाला रंग नीट दिसत नाहीत, या डोळ्याचं आता काही होणार नाही. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. स्वयंपाकघराच्या दारात निरीक्षकांची बायको उभी होती, तिच्याकडे एकदा पाहिलं. तिने मान खाली घातली. मग त्यांनीही घातली.

"अशा गोष्टी ज्याच्या त्याला कळत नाहीत," निरीक्षक समजुतीच्या स्वरात म्हणाले. "नाक सरावतं. मग दुसऱ्या कुणीतरी सांगावं लागतं. सांगणाऱ्याला वाईट वाटतं, पण सांगायला हवं. खरा मित्र तोच."

"तेही खरंच," चष्मेवाले म्हणाले.

"मग वरची मोरी उकरायची का?"

चष्मेवाले बराच वेळ त्या दोन चौकटींकडे बघत बसले. मग त्यांनी त्यांत वा आणि स लिहिलं आणि म्हणाले, "उकरा."

वरची मोरी उकरली. काम दोन दिवसांचं होतं. तिसऱ्या दिवशी गवंडी दुसऱ्या कामावर गेला, फरशीवाल्याकडे तो रंग संपला होता, आणि पाइपाचा जो तुकडा काढला होता तसा तुकडा आता कुणी बनवत नाही असं निघालं. महिना गेला. चष्मेवाले सकाळी बादली आणि टॉवेल घेऊन गच्चीवरच्या नळावर अंघोळीला जाऊ लागले. खालचा खड्डा एव्हाना बुजवला होता, म्हणून निरीक्षकांच्या बायकोने "भाऊजी, आमच्याकडे या ना अंघोळीला" म्हणून दोनदा निरोप धाडला. ते हसून, गच्चीवर ऊन छान असतं म्हणाले. डोंगर पोखरून निदान उंदीर तरी निघतो. दोन मोऱ्या पोखरून एक जुना साबण आणि एक कंगवा निघाला.

वास मात्र होता. निरीक्षक रोज साक्षीदार तपासत होते आणि साक्ष एकच होती. तेव्हा त्यांनी इमारतीची बैठक बोलावली. बैठकीत ते जे बोलले ते त्यांनी बोलायला नको होतं. ते म्हणाले, कुणाचं नाव घेत नाही, पण काही माणसं एकटी राहतात, घरात बाई नसते, स्वच्छतेकडे दुर्लक्ष होतं, आणि त्याचा त्रास सगळ्या इमारतीला होतो. नाव घ्यायची गरजच नव्हती. एकटा माणूस इमारतीत एकच होता आणि तो शेवटच्या खुर्चीवर बसला होता. बऱ्याच जणांनी आपापल्या चपलांकडे पाहिलं. चष्मेवाले उठले, "निघतो जरा" म्हणाले आणि जिना चढून वर गेले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते कोड्याला आले नाहीत. त्यानंतरही आले नाहीत. निरीक्षकांनी एकट्याने कोडं सोडवून पाहिलं. शब्द त्यांना येत होते, पण विचारणारं कुणी नसताना आलेल्या शब्दाचं करायचं काय हे त्यांना कळेना. चूक त्यांची आहे, येतील, असं ते बायकोला म्हणाले.

पुढच्या महिन्यात चष्मेवाल्यांची मुलगी आली. म्हातारा बाप बादली घेऊन गच्चीचा जिना चढताना तिने पाहिला आणि त्याच दिवशी सामान बांधायला काढलं. ट्रंका खाली उतरत होत्या तेव्हा निरीक्षक दाराच्या आतल्या बाजूला उभे होते. बाहेर चष्मेवाल्यांचा आवाज आला, "वहिनी, येतो." बायको बाहेर गेली. निरीक्षक गेले नाहीत. माफी त्यांनी मागायला हवी, आपण नाही, असा विचार करत ते कडीवर हात ठेवून उभे राहिले, आणि गाडी गेल्याचा आवाज आल्यावर त्यांनी कडी काढली. त्या कडीचं त्यांना पुढे किती वाईट वाटलं हे सांगून उपयोग नाही.

आणि वास गेला नाही. चष्मेवाले गेले, त्यांची मोरी कोरडी ठक्क पडली, तरी समोरची बाई एक पाऊल मागेच सरकत होती. निरीक्षकांच्या तपासात ही पहिली अडचण. त्यांनी तिचं उत्तर शोधायच्या आतच खालचा एक स्क्रूचा दात हलायला लागला. हिरडी सुजली, दाबली की पू यायचा. पक्के दात हलतात म्हणजे काय, अशी तक्रार घेऊनच ते दवाखान्यात गेले. जुना दंतवैद्य दवाखाना सोडून गेला होता. त्याच्या जागी एक तरुण डॉक्टरीण होती.

"वरची कवळी काढा," ती म्हणाली.

"दुखतं ते खाली आहे."

"काढा ना, काका."

निरीक्षकांनी दाराकडे पाहिलं, खिडकीकडे पाहिलं, आणि कवळी काढली. डॉक्टरीण पटकन मास्क सारखा करून घेऊन पुढे वाकली. मग तिने त्यांच्या हातात आरसा दिला. टाळू लालभडक झाला होता, कवळी जिथवर असते बरोबर तिथवर, आखून घेतल्यासारखा. कवळीची आतली बाजू तिने उजेडात धरली. तिच्यावर पिवळट बुळबुळीत थर होता.

"हे काय आहे?" निरीक्षकांनी विचारलं.

"जंतू. थोडी बुरशीपण. तोंडात जंतू सगळ्यांच्याच असतात हो, बहुतेक बिचारे निरुपद्रवी. लाळ त्यांना धुऊन काढत असते. पण कवळीच्या खाली लाळ जातच नाही नीट. वर या प्लास्टिकला डोळ्यांना न दिसणारी छिद्रं असतात, त्यात थर धरून बसतात. दिवसरात्र तोंडात ठेवली की झालं, त्रासदायक जातींची वस्ती वाढत जाते."

"पण खोट्या दातांना कीड लागत नाही."

"दातांना नाही लागत. पण दात ज्यावर बसलेत ते तुमचं खरं आहे ना? आणि स्क्रूचं तर वेगळंच. खऱ्या दाताला हिरडी घट्ट धरते. स्क्रूला तेवढी धरत नाही. फटीतून जंतू आत जातात आणि खालचं हाड झिजवतात. तिथे ब्रश फिरवत होता का?"

निरीक्षकांनी आरसा पालथा घातला. दुसऱ्यांच्या काट्यांवरची धूळ पुसून दाखवण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं.

"अनेक वर्षांचा वास दिसतोय हा जंतूंचा," डॉक्टरीण लिहिता लिहिता म्हणाली. तिला म्हणायचं होतं मुक्काम. मग ती थांबली, आणि तिने जरा चाचरत विचारलं, "काका, घरी कुणी कधी काही बोललं नाही का? म्हणजे, तोंडाला... येतो म्हणून?"

निरीक्षक खुर्चीत आडवे होते आणि डोळ्यांवर दिवा होता. त्या उजेडात त्यांना एकेक जण दिसायला लागला. नॅपकिन लावलेली बायको. मागे सरकलेली समोरची बाई. श्वास रोखलेला न्हावी. खड्ड्यातून वर बघणारा प्लंबर. काखेत कळसा आणि गावाला वळसा असं लोक म्हणतात, पण कळसा काखेत असतो, तो निदान चाचपता येतो. शेवटी त्यांना पेन्सिल धरलेले चष्मेवाले दिसले, आणि ते डोळे मिटून पडून राहिले. डॉक्टरिणीला वाटलं दिवा लागला डोळ्यांना, तिने तो बाजूला केला.

हलणारा स्क्रू तिने काढून टाकला. हिरड्या बऱ्या होईपर्यंत कवळी घालायची नाही, मग नवीन मापाची करू म्हणाली. निरीक्षक तोंडाला रुमाल लावून घरी आले, बायकोसमोर बसले आणि त्यांनी रुमाल काढला. तिने त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं. ती हसली नाही.

"तू सांगितलं का नाहीस?"

"कसं सांगणार होते? तुम्ही विचारायचात वास येतो का. येत होता, म्हणून हो म्हणायचे. कुठून ते तुम्हीच ठरवलंत."

"मोरी तू म्हणालीस."

"म्हणाले," ती म्हणाली. "चुकलं माझं. रोज वाटायचं, आज सांगू. मग तुम्ही सोड्याचा डबा घेऊन इतक्या उत्साहाने निघायचात."

थोड्या वेळाने ती स्वतःच म्हणाली, "भाऊजींना सगळं माहीत होतं. वरची मोरी उकरायच्या आदल्या दिवशी ते आले होते, तुम्ही पोस्टात गेला होतात. मी म्हटलं, भाऊजी, आता मी सांगते यांना, तुमचं घर कशाला मोडायचं. तर म्हणाले, राहू द्या, वहिनी. फरशी काय, परत बसते."

निरीक्षक दुसऱ्या दिवशी सकाळी बसस्टँडवर होते. बायको म्हणत होती नवी कवळी येऊ द्या, मग जा, अशा तोंडाने कुठे जाता. ते म्हणाले, तोवर माझा धीर सुटेल. बसमध्ये त्यांनी रुमाल तोंडावरून काढला नाही. चष्मेवाल्यांच्या मुलीच्या घराची घंटा वाजवली आणि दार उघडायच्या आत तो खिशात टाकला.

मुलीने त्यांना ओळखलं, आणि ओळखून तिचा चेहरा कडक झाला. तरी तिने आत घेतलं. चष्मेवाले खिडकीशी बसले होते. ते गडबडीने उठले. "साहेब, तुम्ही? आणि हे... दात?"

"काढले," निरीक्षक म्हणाले. मग बसमध्ये रस्ताभर पाठ करत आणलेलं वाक्य त्यांनी म्हटलं. "माझं चुकलं."

दात नसलेल्या तोंडातून चकार नीट निघत नाही. चष्मेवाल्यांनी कानाला हात लावला. "हुकली? बस हुकली होय? असू द्या, इथून दर तासाला बस आहे."

"बस नाही. चुकलं. माझं."

"काय हुकलं म्हणता?"

आयुष्यात निरीक्षकांनी कुणाची माफी मागितली नव्हती, आणि पहिलीच माफी त्यांना तिसऱ्यांदा, खणखणीत आवाजात, स्वयंपाकघरातल्या मुलीला ऐकू जाईल अशी मागावी लागणार होती. त्यांनी श्वास घेतला. तेवढ्यात चष्मेवाले जवळ सरकले, त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि आपला कान त्यांच्या तोंडाशी आणला. इतके जवळ ते आपण होऊन कधीच आले नव्हते.

"माझं चुकलं हो," निरीक्षक त्या कानात म्हणाले.

कान थोडा वेळ तिथेच राहिला. "ऐकलं," चष्मेवाले म्हणाले.

मुलीने चहा आणला. कप खाली ठेवताना तिचा चेहरा मघाइतका कडक नव्हता. निरीक्षकांनी दोनदा कप उचलला आणि दोनदा ठेवला. "परत चला," ते म्हणाले. "मोरी मी स्वतः उभा राहून करून घेतो."

"खोली दिली, साहेब, गेल्याच आठवड्यात. आता इथेच." चष्मेवाल्यांनी हाताने खिडकीतली जागा दाखवली, आणि निरीक्षकांना कळलं की ही गोष्ट आता फरशीसारखी परत बसणार नाही. "माणसं बरी वाटली. नवराबायको आहेत. फक्त मोरी बघून म्हणाले, एवढी का उकरलीय?"

"मग?"

"मी सांगितलं, वास यायचा."

"कुठून येतो ते विचारलं असेल."

"विचारलं ना." चष्मेवाल्यांनी चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकाला पुसत राहिले. "म्हटलं, माझ्याकडूनच यायचा. मी एकटा राहत होतो, नीट लक्ष दिलं नाही."

निरीक्षकांना रडू आलं. बोळक्या तोंडाने रडणारा माणूस कसा दिसतो, हे त्या वेळी त्यांच्या मनातसुद्धा आलं नाही.